खुट्ट झालं की जाग येते, मग झोप नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरापूर्वी घरी कुणी नसताना चोरी झाली. कुलूप बदललं, खिडकीला जाळी बसली, चोरीला गेलेल्या वस्तूंचं दुःखही ओसरलं. पण प्रश्न विचारणाऱ्या ताईंना तेव्हापासून रात्रीची धड झोप नाही. दार तीन-चारदा तपासतात. अंथरुणावर पडलं की कान दाराकडे. खुट्ट झालं की छातीत धडधड, आणि मग दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. शेजारी नवरा गाढ झोपलेला असतो, त्याचा राग येतो. कधीकधी झोप लागता लागता कुणीतरी दार ठोठावल्याचा स्पष्ट आवाज येतो, तोही फक्त त्यांनाच. दिवसा मात्र सगळं ठीक असतं. शेवटी दोन प्रश्न आहेत: मला वेड लागतंय का? आणि पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवला तर चालेल का?

ताई, वेड लागत नाहीये. ठोठावण्याचं पुढे सांगते, दिव्याचंही.

वीस-बावीस वर्षं मी मानसोपचाराचं काम करते आहे. रात्रीच्या भीतीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: धोका अजून आहे का? कडी खरंच ढिली आहे, कुणी पाठलाग करतंय, किंवा ज्याची भीती वाटते तो माणूस त्याच घरात राहतो, असं असेल तर ती सतर्कता म्हणजे आजार नाही, ती शहाणपणाची आहे. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवणं चूक. आधी सुरक्षित जागा, विश्वासातलं माणूस, पोलीस किंवा मदतवाहिनी. तुमच्या बाबतीत कुलूप-जाळी झालेली आहे, म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

तुम्ही याला निद्रानाश म्हणता. मला ते नाव पुरेसं वाटत नाही. निद्रानाशाच्या माणसाला झोप हवी असते आणि ती येत नाही. तुमच्यात एक भाग असा आहे की ज्याला झोप नकोच आहे. त्याने जागता पहारा स्वीकारलाय. आमच्या भाषेत याला अतिसतर्कता म्हणतात. झोपेची गोळी, गरम पाण्याची आंघोळ, मंद संगीत यांचा तुम्हाला फारसा उपयोग का झाला नाही, ते यावरून लक्षात येईल. पहारेकऱ्याला अंगाई ऐकवली तर तो आणखी सावध होतो.

हा पहारा प्रत्येकाच्या मेंदूत असतो. १९६० साली इयन ऑसवाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना टेपवरून नावांची यादी ऐकवली. माणूस झोपेतच, पण स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या लहरींमध्ये जास्त खळबळ दिसायची. म्हणजे झोपेतही कान उघडे असतात आणि मेंदू निवड करत असतो. बाळाच्या नुसत्या कुसकुसण्याने जागी होणारी आई ढगांच्या गडगडाटात झोपून राहते, ते यामुळेच. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजाला लवकर दाद देतो. नंतरच्या मुक्कामात हा फरक जातो. परक्या जागी पहिली रात्र वाईट जाते असं सगळेच म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आता तुमच्याकडे पाहा. चोरीनंतर तुमच्या मेंदूने स्वतःच्याच घराची नोंद ‘परकी जागा’ अशी करून टाकली आणि ती खोडलेली नाही. रोजची रात्र पहिलीच रात्र. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा मुळातच चुकायचं तर जास्त सावध बाजूला चुकायचं अशी घडलेली असते. शंभर खोट्या घंटा वाजल्या तर झोप जाते, एक खरी घंटा चुकली तर जीव जातो. हिशेब बरोबर आहे, फक्त तुमची घंटा चोरीच्या दिवसाच्या बटणावर अडकून बसली आहे.

आणि रात्रच का? दिवसा लक्ष द्यायला हजार गोष्टी असतात. रात्री डोळ्यांचं काम संपतं, सगळा भार कानांवर येतो. शांततेत कान आतला आवाज वाढवतात. १९५३ सालचा हेलर आणि बर्गमन यांचा एक जुना प्रयोग आहे. ज्यांचं ऐकणं उत्तम आहे अशा ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घणघण असलं काहीतरी लिहिलं. खोलीत आवाज नव्हताच. त्यात घर स्वतःही बोलतं. दिवसभर तापलेलं लाकूड आणि पत्रा रात्री आकसतो, त्याचा टक्क असा आवाज होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होताना थरथरतो. पाइपमधलं पाणी खाली उतरतं. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दिवसा कधीच ऐकू न येणारी लांबची गाडी अगदी अंगणातून गेल्यासारखी वाटते.

दुसरं असं की रात्री मधेच जाग येणं बिघाड नाही. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते, गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकते, आणि फेऱ्यांच्या मधे आपण सगळेच क्षणभर वर येतो. तुमच्या नवऱ्यालाही जाग येते. तो कूस बदलतो आणि विसरतो. तुम्ही मात्र वर आल्या की लगेच हजेरी घेता: दार? खिडकी? तो आवाज कसला होता? एवढ्यात पहाट होते.

आता ठोठावण्याबद्दल. जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी मिटत नाहीत. त्या काही सेकंदांत दाराची थाप, कुणीतरी नावाने हाक मारणं, काहींना तर डोक्यात स्फोट झाल्यासारखा दणका ऐकू येतो. दणक्याच्या प्रकाराला वैद्यकात वेगळं नावही आहे, ते नाव भयंकर आहे आणि प्रकार निरुपद्रवी आहे. दमलेल्या, अपुरी झोप झालेल्या माणसात हे जास्त होतं. वेड असतं तर दिवसा, पूर्ण जागेपणी आवाज आले असते आणि ते खरेच आहेत अशी खात्री असती. तुम्हाला शंका आली, तुम्ही नवऱ्याला विचारलंत. तिथेच उत्तर आहे. दिवसाही असे आवाज येऊ लागले तर मात्र न थांबता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: “तपासल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं, मग परत वाटतं खरंच लावली का कडी?” इथे जरा थांबते, कारण माझ्या मते गाडं इथेच अडलंय.

नेदरलँड्समधल्या वान डेन हाउट आणि किंट या दोघांनी २००३ साली एक प्रयोग छापला. लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. वीसेक वेळा तपासल्यावर विचारलं, शेवटच्या वेळी कोणती बटणं होती? उत्तरं बरोबरच आली. पण आपल्याला नीट आठवतंय हा भरवसा मात्र पार खाली गेला होता. चित्र पुसट झालं होतं. म्हणजे जास्त तपासल्याने स्मरणशक्ती बिघडत नाही, स्मरणशक्तीवरचा विश्वास बिघडतो. सरळ आहे: कडीला हात लावल्याच्या चार सारख्या आठवणी एकमेकींवर बसल्या की त्यातली आजची कुठली ते कळेनासं होतं. तुम्ही चौथ्यांदा उठता कारण तिसऱ्यांदा उठला होता.

तर दार एकदाच तपासायचं, पण नीट. झोपायला जाण्याआधी अर्धा तास, दिवा लावून, घाईत नाही. फोन दुसऱ्या खोलीत. कडीवर हात ठेवा, धातू गार लागतो तो जाणवू द्या, कडी सरकल्याचा आवाज ऐका, आणि मोठ्याने बोला: “कडी लागली. आज मंगळवार.” वार बोलायचा तो आठवण कालच्यापेक्षा वेगळी व्हावी म्हणून. हसू येईल, येऊ द्या. एका गृहस्थांनी वाराबरोबर रोज त्या दिवशीची एक मूर्खपणाची बातमी जोडायला सुरुवात केली होती. आठवण घट्ट बसली, शिवाय बायकोची करमणूक. मग खिडक्या, मग गॅस, आणि संपलं. हा झाला पहाऱ्याचा पदभार देण्याचा वेळ. त्यानंतर दाराकडे जायचं नाही.

“नाही” म्हणणं सोपं आहे, जमत नाही हे मला माहीत आहे. म्हणून चारावरून एकदम एकावर येऊ नका. पहिला आठवडा दोनदा. पुढचा आठवडा एकदा. उठायची उबळ आली की स्वतःला नकार देऊ नका, मुदत द्या: पंधरा मिनिटांनी बघू. उबळ लाटेसारखी चढते आणि तुम्ही काही केलं नाही तरी उतरते. ती उतरताना तुम्ही जाग्या असणं गरजेचं आहे, कारण मेंदूला तेव्हाच कळतं की न तपासताही काही झालं नाही. पहिल्या चार-पाच रात्री आधीपेक्षा वाईट जातील. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक तिसऱ्या रात्री उपाय सोडून देतात आणि मग “मी सगळं करून पाहिलं” म्हणतात.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण हल्ली निम्मी माणसं तोच प्रश्न घेऊन येतात. कॅमेरा बसवायला माझी हरकत नाही. कॅमेऱ्याचं ॲप अंथरुणात आणायला आहे. एक बाई (तपशील बदलून सांगते) दर पाच-दहा मिनिटांनी उशीखालचा फोन काढून रिकामं अंगण बघायच्या. हालचालीच्या सूचना चालू होत्या, आणि हलायचं काय, तर दिव्याभोवतीचे पतंग आणि एक मांजर. त्या मांजराने त्या घराची सहा महिन्यांची झोप खाल्ली. सूचना बंद करून फोन बाहेर ठेवला तेव्हा कुठे आमचं काम सुरू झालं. आसपासच्या चोऱ्यांच्या बातम्या फिरवणारे ग्रुपही संध्याकाळनंतर मिटून ठेवा.

मध्यरात्री जाग आलीच तर? समजा पावणेतीन वाजलेत. वाजलेत किती ते बघू नका हे पहिलं. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, कारण आकडा दिसला की हिशेब सुरू होतो. टक्क असा आवाज झालाय. हृदय धडधडतंय. इथे लोक लगेच शांत व्हायच्या मागे लागतात, आणि तिथेच चुकतं. धडधड म्हणजे शरीराने पाठवलेलं इंधन आहे, ते जळायला काही मिनिटं लागतात. ती धडधड ‘धोका आहे’ याचा पुरावा नाही, इतकंच स्वतःला सांगा. मग आवाजाला नाव द्या: “फ्रिज.” किंवा “पत्रा.” नाव माहीत नसेल तर “अनोळखी टक्क” हेही नाव चालतं. मग एकच प्रश्न: हा आवाज पुढे सरकतोय का? माणूस असेल तर एक आवाज होऊन थांबत नाही. पावलं येतात, वस्तू सरकतात, आवाज जागा बदलतो. घर बोलतं तेव्हा एकदाच बोलतं आणि गप्प बसतं. खरोखर कुणी आत शिरल्यासारखं वाटलं तर एकटीने अंधारात बघायला जाऊ नका, नवऱ्याला उठवा, दिवे लावा, फोन करा. हे उत्तर दिवसाच ठरवून कागदावर लिहून ठेवलेलं असावं. अर्धी भीती ‘झालं तर मी काय करीन’ याचीच असते, आणि त्यावर विचार करायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पावणेतीन.

श्वासाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवला, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, की हृदयाची गती खाली यायला मदत होते, हे खरं. पण तुमच्यासारख्या माणसांना मी ते दिवसा शिकवते, रात्री नाही. रात्री शिकायला गेलं की दर श्वासाला “उतरली का धडधड?” अशी तपासणी सुरू होते. दार सुटलं आणि छाती धरली. महिनाभर दुपारी दहा मिनिटं करा, मग ते रात्री आपोआप हाताशी येतं.

बराच वेळ झोप नाही तर अंथरुणातून उठावं, हा नियम रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली मांडला आणि तो आजही निद्रानाशाच्या उपचारांचा कणा आहे. अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत पडलेली गाठ सोडवायची, हा त्यामागचा विचार. मात्र अतिसतर्क माणसाला नुसतं “उठा” म्हणून सांगितलं तर तो गस्त घालायला निघतो. जाता जाता खिडकी, येता येता कडी. म्हणून माझी जोड अशी: खुर्ची आधीच ठरवा, दाराकडे पाठ करून ठेवा, अंथरुणापासून चार पावलांवर. उठलं की थेट तिथे. तिथे एखादं संथ पुस्तक किंवा विणकाम. पेंग आली की परत. पाठ दाराकडे ठेवणं पहिल्या दिवशी अशक्य वाटेल. तिरकी बसवा, आठवड्याने थोडी फिरवा. ती खुर्ची किती फिरली यावरून मला पेशंटची प्रगती कळते, कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा चांगली.

संध्याकाळचंही थोडं काम आहे. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा, टेबलाशी बसून, लिहून. थॉमस बोरकोवेक यांनी १९८३ च्या सुमारास ही पद्धत तपासली होती. काळजी मारायची नाही, तिला वेळ आणि जागा नेमून द्यायची. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. २०१८ मध्ये मायकल स्कलिन यांच्या प्रयोगशाळेत यादी लिहिणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं आधी झोपले. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही, पण पेन फुकट आहे. कॅफिनचा अर्धा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारनंतर कॉफी नको. दारूने झोप लागते आणि उत्तररात्री मोडते.

एक गमतीदार गृहपाठ: एका रात्री नवऱ्याबरोबर दिवे मालवून हॉलमध्ये अर्धा तास बसा आणि घराचे आवाज वहीत लिहा. कोणता कुठून येतो ते शोधून काढा. दोघांनी मिळून शोधलेला आवाज पुन्हा एकटीला घाबरवत नाही. कापूस किंवा बोळे घालून कान बंद करू नका; पहारेकऱ्याचे डोळे बांधले तर तो जास्त बिथरतो. पंख्यासारखा एकसुरी हलका आवाज चालतो, छोटे टक्क त्यात बुडतात.

नवऱ्याच्या रागाबद्दल. तो झोपतो म्हणजे त्याला काळजी नाही असं तुमच्यातला पहारेकरी म्हणतो. त्याला दिवसा, चहा पिताना सांगा की रात्री “काही नाही गं, झोप” म्हणू नको आणि माझ्यासाठी दार बघायलाही जाऊ नको. ते दोन्ही प्रेमाने केलेलं असतं, आणि दोन्हीमुळे तपासणीचं चक्र चालू राहतं. त्याने एवढंच म्हणावं: “आवाज मीही ऐकला. हात दे.”

हे सगळं सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे करून फरक नसेल, किंवा चोरीची दृश्यं दिवसाही डोळ्यांसमोर येत असतील, तीच ती स्वप्नं पडत असतील, घरी परतायचंच टाळावंसं वाटत असेल, तर तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा. आघातानंतरच्या त्रासावर चांगले उपचार आहेत. वारंवार पडणाऱ्या स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून त्याची उजळणी करण्याची पद्धतही त्यातलीच. झोपेतून कुठल्याही आवाजाशिवाय, स्वप्नाशिवाय छाती धडधडत, घाम फुटून जाग येत असेल तर आधी डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या आणि घोरण्याबद्दल विचारा. झोपेत श्वास अडकणारी माणसं वर्षानुवर्षं स्वतःला भित्री समजत राहतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या कुणाच्या तरी कपाटातून घेऊ नका. आणि आधीपासून चालू असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू. जगणं नकोसं वाटू लागलं तर मात्र आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी मदत घ्यायची.

राहिला दिवा. चालेल. पांढरा ट्यूबलाइट काढा, मंद पिवळा लावा, जमिनीलगत, म्हणजे प्रकाश डोळ्यांवर येणार नाही आणि भिंतीवर लांब सावल्या पडणार नाहीत. खोलीचं दार अर्धं लोटून घ्या. आत्ता तुम्ही दार तपासणं कमी करताय, खुर्ची फिरवताय, तेवढं पुरे. दोन गोष्टी एकदम सोडायच्या नसतात. दार एकदाच तपासून सलग दोन आठवडे गेले की दिव्याला तासाभराचा टायमर लावा. तो कधी विझला हे सकाळी आठवलं नाही, तर मला कळवा.